प्रॉक्सी फाइल: एडिटिंग हलक्या कॉपीवर करा, एक्सपोर्ट मात्र मूळ फाइलवरूनच

घरात निकाह असो, शाळेचं गॅदरिंग असो की मोहल्ल्यातलं आरोग्य शिबिर, आता शूटिंग घरचीच मुलं करतात. फोनचे कॅमेरे चांगले झालेत, सहज फोर-के शूट होतं. अडचण सुरू होते ती घरी आल्यावर. फाइल्स लॅपटॉपवर घेतल्या, एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, प्ले दाबलं, की चित्र दोन सेकंद चालतं आणि अडकतं. आवाज पुढे निघून जातो, चित्र मागे राहतं. मग घरात बोलणं सुरू होतं की नवा लॅपटॉप घ्यावा लागणार.

बहुतेक वेळा तशी गरज नसते. आहे त्याच लॅपटॉपवर काम करता येतं, फक्त प्रॉक्सी फाइल कशी वापरायची हे माहीत हवं. आणि हे अर्धवट माहीत असलं तर काय होतं, ते आमच्याच घरात घडलंय. ते आधी सांगतो.

आमच्या घरातल्या एका निकाहचा व्हिडिओ आम्ही स्वतः एडिट केला. लॅपटॉप जुना होता, म्हणून प्रॉक्सी बनवल्या. काम भराभर झालं. तयार व्हिडिओ फोनवर सगळ्यांनी बघितला, सगळ्यांना आवडला. नंतर डिस्कवर जागा हवी होती म्हणून मूळ फाइल्स पुसून टाकल्या. कार्ड तर आधीच फॉरमॅट केलं होतं. दीड वर्षाने नानीचं इंतकाल झालं. त्या व्हिडिओत नानी ११ सेकंद दिसते, नवरीच्या डोक्यावर हात ठेवलेली. अम्मी म्हणाली, यातून नानीचा एक फोटो काढून दे, मोठा करून ठेवू. आम्ही ती फ्रेम थांबवून मोठी केली आणि तेव्हा कळलं. फाइलच्या माहितीत फोर-के लिहिलं होतं, पण नानीचा चेहरा धूसर होता. डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. एक्सपोर्ट प्रॉक्सीवरून झाला होता, आणि मूळ फाइल आता कुठेच नव्हती.

चूक आमचीच होती. ती दुसऱ्या कोणाच्या घरात होऊ नये, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

प्रॉक्सी म्हणजे नेमकं काय?

प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी कामचलाऊ कॉपी. लांबी तीच, आवाज तोच, फक्त चित्राचा आकार लहान आणि कॉम्प्युटरला वाचायला सोपा. कापाकापी आपण या कॉपीवर करतो. शेवटी व्हिडिओ तयार करताना सॉफ्टवेअर कॉपी बाजूला ठेवतं आणि मूळ फाइल वापरतं.

हे शक्य होतं, कारण टाइमलाइनवर खरा व्हिडिओ नसतोच. तिथे फक्त सूचना असतात: अमुक क्लिप इथून इथपर्यंत घ्या, तिच्यानंतर तमुक क्लिप लावा, इथे आवाज कमी करा. मूळ फाइल आणि प्रॉक्सी यांची लांबी, फ्रेमरेट आणि टाइमकोड सारखे असले, की प्रॉक्सीवर लिहिलेल्या सूचना मूळ फाइलला जशाच्या तशा लागू पडतात.

कल्पना जुनीच आहे. फिल्मच्या जमान्यात एडिटर मूळ निगेटिव्हला कधी कात्री लावत नसत. निगेटिव्हवरून एक रश प्रिंट काढायचे आणि सगळी कापाकापी त्या प्रिंटवर व्हायची. प्रिंटवर ओरखडे पडले, तुकडे झाले तरी बिघडत नसे. एडिट पक्का झाला की शेवटी फिल्मच्या कडेवरचे नंबर जुळवून निगेटिव्ह कापली जायची. मुंबईच्या सिनेमातही वर्षानुवर्षं असंच चालायचं. आज आपली मूळ फाइल म्हणजे ती निगेटिव्ह, आणि प्रॉक्सी म्हणजे रश प्रिंट. एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी अर्धं काम झालं.

लॅपटॉप अडकतो तरी का?

कारणं दोन. पहिलं म्हणजे चित्राचा आकार. फोर-केची एक फ्रेम ३८४० बाय २१६० असते, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके. फुल एचडीची फ्रेम १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट. हे काम सेकंदाला २५ किंवा ३० वेळा करायचं असतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, पण लक्षात येत नाही. जागा वाचावी म्हणून फोन व्हिडिओ एच.२६४ किंवा एचईव्हीसी या पद्धतीने दाबून ठेवतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एक फ्रेम पूर्ण साठवली जाते, आणि पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त ‘काय बदललं’ तेवढंच असतं. सलग बघायला ही पद्धत उत्तम आहे. एडिट करताना मात्र आपण मध्येच थांबतो, मागे जातो, पुढे उडी मारतो. अशा वेळी एक फ्रेम दाखवायलाही कॉम्प्युटरला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात, आणि तिथेच त्याचा दम निघतो.

म्हणून प्रॉक्सीसाठी प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी असे प्रकार वापरतात. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. कुठेही उडी मारा, चित्र लगेच येतं.

इथे एक गैरसमज दूर करू. प्ले होताना चित्राची क्वालिटी ‘हाफ’ किंवा ‘क्वार्टर’ करण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती म्हणजे प्रॉक्सी नाही. तिथे वाचली जाते ती मूळ फाइलच, फक्त दाखवताना चित्र लहान करतात. कधी तेवढ्यानेच काम भागतं, म्हणून आधी ते करून बघा. नाही भागलं तर प्रॉक्सी बनवा. दोन मिनिटांचं साधं रील असेल तर प्रॉक्सीच्या भानगडीत पडूच नका.

जागा किती लागते?

प्रॉक्सी म्हणजे छोटीच फाइल, असं सगळे समजतात. ते नेहमी खरं नसतं. हिशोब करून बघू.

समजा, निकाह आणि वलीमा मिळून ३ तासांचं शूटिंग आहे. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेम, एचईव्हीसी असेल तर मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा लागते. १८० मिनिटांचे साधारण ३० जीबी झाले. याच्या प्रॉक्सी बनवल्या तर:

• प्रोरेस प्रॉक्सी, फुल एचडी आकार: सेकंदाला सुमारे ४५ मेगाबिट, म्हणजे एकूण साधारण ६० जीबी. मूळ फाइलच्या दुप्पट!
• प्रोरेस प्रॉक्सी, ९६० बाय ५४० आकार: साधारण १५ जीबी.
• एच.२६४, १२८० बाय ७२० आकार, ५ मेगाबिट: ७ जीबीच्या आत.

म्हणजे प्रॉक्सी ही मुळात छोटी असण्यापेक्षा वाचायला हलकी असते. डिस्कवर जागा असेल आणि लॅपटॉप फार जुना असेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर घ्या, आकार ९६० बाय ५४०. जागा कमी असेल किंवा फाइल्स इंटरनेटवरून पाठवायच्या असतील तर ७२० आकाराची एच.२६४ बरी.

लहान आकार निवडताना प्रमाण बिघडू देऊ नका. ३८४० बाय २१६० चं अर्धं १९२० बाय १०८० आणि पाव ९६० बाय ५४०. उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० असेल तर त्याची प्रॉक्सी ५४० बाय ९६०. प्रमाण बिघडलं तर झूम केलेलं चित्र आणि लावलेली अक्षरं मूळ फाइलवर गेल्यावर जागा सोडतात.

प्रॉक्सी बनवायची कशी?

आधी फाइल्स नीट लावून घ्या. ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर आणि ‘प्रॉक्सी’ नावाचा दुसरा. सगळ्या मूळ फाइल्स पहिल्या फोल्डरमध्ये टाका, आणि त्यानंतर त्यांची नावं बदलू नका. लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर प्रॉक्सी त्यावर ठेवा. मूळ फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर असल्या तरी चालतं.

नातेवाइकांकडून क्लिप्स घेताना एक काळजी घ्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप दाबून लहान झालेली असते. ती मूळ नव्हे. पेन ड्राइव्हवर घ्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. तसं पाठवल्यावर फाइल आहे तशी येते, २ जीबीपर्यंत.

आता सॉफ्टवेअरनुसार बघू.

डाविंची रिझॉल्व्ह: याची मोफत आवृत्तीही घरच्या कामाला पुरते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचा आकार आणि प्रकार ठरवा. मीडिया पूलमध्ये क्लिप्स निवडून राइट क्लिक करा आणि ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’ दाबा. मग ‘प्लेबॅक’ मेनूत ‘प्रॉक्सी हँडलिंग’मध्ये ‘प्रिफर प्रॉक्सीज’ निवडा. २०२२ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून प्रॉक्सी बनवणारं वेगळं छोटं अॅपही सोबत मिळतं.

अडोबी प्रीमियर प्रो: प्रोजेक्ट पॅनेलमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून ‘प्रॉक्सी’, मग ‘क्रिएट प्रॉक्सीज’. बनवण्याचं काम मीडिया एन्कोडर करतो. मॉनिटरखाली ‘टॉगल प्रॉक्सीज’चं बटण आणून ठेवा. प्रॉक्सी चालू आहे की बंद, हे त्यावरून एका नजरेत कळतं.

फायनल कट प्रो: ‘ट्रान्सकोड मीडिया’मध्ये प्रॉक्सीचा पर्याय आहे. नंतर व्ह्यूअरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘प्रॉक्सी प्रिफर्ड’ निवडा.

केडेनलाइव्ह: हे पूर्ण मोफत आहे, लिनक्सवर आणि विंडोजवर दोन्हीकडे चालतं. प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या प्रॉक्सीच्या टॅबवर ते चालू करायचं.

प्रॉक्सी बनायला वेळ लागतो. तीन तासांच्या शूटिंगसाठी जुना लॅपटॉप कित्येक तास घेईल. रात्री चार्जर लावून काम सोडून द्या, सकाळी एडिटिंगला बसा.

प्रॉक्सी बघून हे ठरवू नका

कुठे कापायचं, कोणता प्रसंग आधी, आवाज किती, हे सगळं प्रॉक्सीवर बिनधास्त ठरवा. पण काही गोष्टींसाठी प्रॉक्सी बंद करून मूळ चित्रच बघावं लागतं:

• फोकस. लहान चित्रात सगळंच नीट दिसतं. मूळ चित्र उघडल्यावर कळतं की फोकस नवरदेवावर नाही, मागच्या पडद्यावर आहे.
• रंग आणि चेहऱ्याचा वर्ण. प्रॉक्सीत रंगाची माहिती कमी असते, एचडीआरमध्ये शूट केलं असेल तर फरक जास्तच दिसतो.
• अंधारातला दाणेदारपणा. रात्रीच्या मांडवातल्या शूटिंगमध्ये तो असतोच, प्रॉक्सीत लपून जातो.
• हलणारं चित्र स्थिर करणं, हिरवा पडदा काढणं यासारखे इफेक्ट.

म्हणून क्रम असा ठेवा: कापाकापी प्रॉक्सीवर, एडिट पक्का झाला की प्रॉक्सी बंद, मग रंग आणि इफेक्ट. चित्र अडकलं तरी चालेल, कारण आता पुन्हा पुन्हा प्ले करायचं नसतं.

‘कुबूल है’ आणि ओठ जुळत नाहीत, कारण?

ही तक्रार बऱ्याच जणांची असते. सुरुवातीला आवाज बरोबर असतो, पण लांबलचक क्लिपमध्ये हळूहळू सरकतो. प्रॉक्सीवर बरोबर आणि एक्सपोर्टमध्ये चुकीचा, असंही होतं. फोनवरच्या व्हिडिओत याचं नेहमीचं कारण म्हणजे बदलता फ्रेमरेट. उजेड कमी झाला किंवा फोन गरम झाला, की फोन सेकंदाला ३० ऐवजी कधी २९, कधी २७ फ्रेम घेतो. प्रॉक्सी बनताना मात्र फ्रेमरेट कायम होतो. दोन्ही फाइल्सच्या फ्रेम मग एकमेकांना जुळत नाहीत.

उपाय आधीच करायचा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ ठेवा, क्वालिटी चांगली उंच ठेवा, आणि नवी फाइल बनवा. प्रॉक्सी या नव्या फाइलवरून बनवायची आणि एक्सपोर्टही हिच्यावरूनच होईल. फोनमधली खरी फाइल तरीही जपून ठेवायची.

एक्सपोर्टच्या आधी पाच मिनिटं

आमची चूक इथेच झाली. प्रत्येक सॉफ्टवेअरची वागणूक वेगळी आहे, म्हणून स्वतः बघणं बरं.

प्रीमियर प्रो एरवी एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच करतो, पण एक्सपोर्टच्या सेटिंग्जमध्ये ‘यूज प्रॉक्सीज’ची खूण असते. ती काढलेली आहे ना, ते बघा. रिझॉल्व्हमध्ये ‘डिलिव्हर’ पानावर अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘यूज प्रॉक्सी मीडिया’ असतं, तिथेही खूण नको. फायनल कटमध्ये व्ह्यूअर प्रॉक्सीवर ठेवला तर तयार होणारी फाइलही प्रॉक्सीचीच बनते, म्हणून आधी ‘ऑप्टिमाइझ्ड/ओरिजिनल’ करा. केडेनलाइव्हमध्ये रेंडरच्या खिडकीत प्रॉक्सी वापरून रेंडर करण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा.

याशिवाय, मूळ फाइल्सची हार्ड डिस्क जोडलेली हवी. ती काढून ठेवली असेल तर सॉफ्टवेअर एकतर ‘फाइल सापडत नाही’ म्हणेल, नाहीतर गुपचूप प्रॉक्सी वापरेल.

आणि फाइलच्या माहितीवर विश्वास ठेवू नका. ५४० ची प्रॉक्सी ताणून ३८४० बाय २१६० च्या चौकटीत बसवली तरी माहितीत फोर-केच लिहून येतं. खरी तपासणी डोळ्यांनी करायची. आधी एक मिनिटाचा तुकडा एक्सपोर्ट करा. फोनवर नको, मोठ्या पडद्यावर लावा. एखाद्या चेहऱ्यावर किंवा बारीक अक्षरांवर थांबवा. मूळ क्लिपची तीच फ्रेम शेजारी उघडून ताडून बघा. पापण्या वेगळ्या दिसतात का? बॅनरवरचं नाव वाचता येतं का? येत असेल तर पूर्ण व्हिडिओ एक्सपोर्टला लावा.

काही सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीवर वॉटरमार्क टाकता येतो. ही सोय असेल तर जरूर वापरा. तयार व्हिडिओत ती खूण दिसली की लगेच कळेल काय झालंय.

आकाराचाही अंदाज घ्या. यूट्यूबचा सल्ला फुल एचडीला ३० फ्रेमवर ८ मेगाबिट, आणि फोर-केला ३५ ते ४५ मेगाबिट असा आहे. ८ मेगाबिट म्हणजे मिनिटाला ६० एमबी, दोन तासांचा व्हिडिओ सुमारे ७ जीबीचा होतो. टीव्हीला लावायचा पेन ड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. पेन ड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. टीव्ही तो वाचत नसेल तर व्हिडिओचे दोन-तीन भाग करा.

भाऊ कुवेतला, लग्न रत्नागिरीत

कोकणातल्या कितीतरी घरांत एडिटिंग येणारा मुलगा नेमका आखाती देशात नोकरीला असतो. ३० जीबीच्या मूळ फाइल्स त्याला पाठवणं अवघड. इथे प्रॉक्सी फार कामाची. घरच्यांनी ७ जीबीच्या प्रॉक्सी पाठवायच्या. तो तिकडे बसून एडिट करेल आणि फक्त प्रोजेक्टची फाइल परत पाठवेल. ती व्हिडिओच्या मानाने अगदी छोटी असते. इथल्या लॅपटॉपवर ती उघडून मूळ फाइल्स जोडल्या, की पूर्ण क्वालिटीचा व्हिडिओ तयार. अट एवढीच की दोघांकडे तेच सॉफ्टवेअर आणि तीच आवृत्ती हवी, आणि फाइल्सची नावं कोणी बदललेली नकोत.

पुसायचं काय, ठेवायचं काय?

काम संपल्यावर जागा मोकळी करायची असेल तर प्रॉक्सी पुसा. त्या पुन्हा केव्हाही बनतात. मूळ फाइल पुन्हा बनत नाही. पुसण्याआधी फोल्डरचं नाव दोनदा वाचा, कारण दोन्हीकडे क्लिप्सची नावं बहुतेक सारखीच असतात. आमचा घात तिथेच झाला होता.

मूळ फाइल्सच्या तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक लॅपटॉपमध्ये, एक हार्ड डिस्कवर, एक खालाच्या किंवा मामूच्या घरी. दोन प्रती नीट उघडतात हे बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. प्रोजेक्टची फाइलही सोबत ठेवा, उद्या तोच व्हिडिओ पुन्हा काढता येईल.

दुसऱ्याच्या घरचं शूटिंग करून देणाऱ्या मुलांना आमचं एक सांगणं आहे. तयार व्हिडिओ दिला म्हणजे काम संपलं असं समजू नका. मूळ फाइल्स ही त्या घराची अमानत आहे. त्या हार्ड डिस्कवर घालून द्या, किंवा निदान पुसण्याआधी विचारा. त्यांना आज फक्त वीस मिनिटांचा व्हिडिओ हवा असेल. उद्या त्यातलं कोणतं माणूस हवं असेल, हे आज कोणालाच ठाऊक नसतं.

नानीचा तो फोटो आम्ही शेवटी छोट्याच आकारात छापला. मोठा केला की चेहरा विरघळतो. अम्मीने तो कपाटात ठेवलाय, आणि घरात पुढचं लग्न ठरलं तेव्हा तिने हॉलच्या आधी नव्या हार्ड डिस्कचे पैसे बाजूला काढले.